गंजलेली जुनी स्पोर्ट्स कार: बॉडी गेली, आता काय काय काढता येईल?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाडीवरची ताडपत्री निघाली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "होईल ना चालू?" बऱ्याचदा आम्हाला नाही म्हणावं लागतं. हे पत्रक त्या 'नाही'नंतरच्या कामाबद्दल आहे. पत्रा कुजला म्हणून गाडीतलं सगळंच कुजलेलं नसतं. काच, पितळ, ॲल्युमिनियम आणि तेलात बुडालेलं पोलाद यांना पत्र्याच्या गंजाचं फारसं सोयरसुतक नसतं. असे भाग खराब होतात ते बहुतेक वेळा काढतानाच्या घाईमुळे. म्हणून पाना उचलण्याआधी एवढं वाचा.

बॉडी गेली, हे आम्ही कशावरून ठरवतो

रंगाला फुगे दिसले म्हणजे गाडी संपली असं नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या जोडात शिरला की तो त्यांना फाकवतो आणि वरचा रंग फुगतो. फुगा कुठे आलाय, ते महत्त्वाचं. मडगार्डवर असेल तर मडगार्ड बदलता येतं. दाराखालच्या सिलवर असेल तर आम्ही सावध होतो.

1962 ते 1980 या काळात निघालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं उदाहरण घ्या. तिला वेगळा चॅसी (बॉडीखालची लोखंडी चौकट) नाही, बॉडी हाच सांगाडा. उघड्या गाडीला छताचा आधार नसतो, त्यामुळे मधला बराचसा भार सिलवर येतो. आपल्याला दिसतो तो सिलचा बाहेरचा पत्रा. त्याच्या आत आणखी पत्रे असतात आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर बोट जाईल एवढं भोक पडेपर्यंत आत फारसं काही उरलेलं नसतं.

तपासणी साधी आहे. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून फिरवायचं. ते धरत नाही तिथे पुट्टी. (काही सिल निम्मे पुट्टीचे आणि निम्मे आशेचे असतात.) मग दार आणि मडगार्ड यांच्यातली फट मोजून गाडी मधोमध जरा उचलायची. फट बदलली किंवा दार अडकलं तर सांगाडा वाकतोय, असं समजा.

सगळ्या गाड्यांना हा नियम लागू नाही. ट्रायंफ टीआर 6 ला वेगळा चॅसी आहे, त्यामुळे बॉडी आणि चॅसी यांचा निकाल वेगवेगळा लागू शकतो. लोटस एलानची बॉडी फायबरग्लासची. ती गंजत नाही, गंजतो तो खालचा पत्र्याचा कणा. तो बदलता येतो. तेव्हा एलानचा कणा सडलेला पाहून कोणी 'भंगारात द्या' म्हणालं, तर दुसरीकडे विचारा. काम आमच्याकडे आलं नाही तरी चालेल.

आम्ही येईपर्यंत

स्टार्टर मारून बघू नका. पिस्टनच्या रिंगा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंजाने चिकटलेल्या असतील तर एका झटक्यात रिंगा तुटतात आणि बोअरवर ओरखडे पडतात. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि प्लग हातानेच परत बसवा. बाकी इंजिनला हात नको.

जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने गाडी धुऊ नका. नट सैल होतोय का, हे पाहायला पाना लावू नका. डोकं गोल झालेला बोल्ट काढायला चौपट वेळ लागतो. आणि डिकीतला, सीटखालचा, कार्पेटखालचा कचरा कृपा करून फेकू नका. त्या कचऱ्यात गळून पडलेल्या क्लिपा, स्क्रू, बॅजचे तुकडे, खिडकीच्या हँडलच्या टोप्या असतात. गाडी साफ करून दाखवायची हौस समजते, पण आम्हाला ती घाणेरडीच आवडते.

काढण्याचा क्रम

आधी चकचकीत पट्ट्या, बॅज, दिवे आणि काचा. मग सीट, डॅशबोर्ड, वायरिंग. मग इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र. ॲक्सल आणि चाकं शेवटी, कारण सांगाडा ढकलता आला नाही तर तो जागच्या जागी अडकून बसतो.

समोरच्या काचेला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो. एमजीबीच्या उघड्या मॉडेलमध्ये काचेची चौकट ॲल्युमिनियमची आणि तिला धरणारे बोल्ट लोखंडाचे. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी बोल्टला सिमेंटसारखी धरून बसते. सुरुवातीच्या काळात घाई करून आमच्याच हातून अशी एक चौकट मोडली. आता त्या बोल्टना आठवडाभर आधीपासून रोज तेल दिल्याशिवाय आम्ही पाना लावत नाही. याच गाडीच्या सुरुवातीच्या वर्षांतलं बॉनेटही ॲल्युमिनियमचं होतं, त्यामुळे चाळण झालेल्या बॉडीवर ते शाबूत मिळू शकतं.

वायरिंग जुनं झालं तरी जोडण्या, स्विच आणि वायरचे रंग कामाचे असतात. म्हणून कापताना जोडणीमागे वीतभर वायर ठेवतो. खूप जुन्या मीटरच्या आकड्यांवर किरणोत्सर्गी रेडियमचा रंग असू शकतो, म्हणून असे मीटर उघडत नाही, तसेच बंद देतो.

हट्टी बोल्ट

आमचा नियम असा: बोल्टचा जीव गेला तर चालेल, भागाचा जाता कामा नये. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करणं, मग तेल, मग थांबणं. थांबण्याला पर्याय नाही. त्यानंतर नट तापवतो. नट गरम होऊन फुगतो, बोल्ट त्या मानाने थंड राहतो आणि मधली गंजाची पकड तुटते. पेट्रोलची टाकी, नळ्या आणि रबर जवळ असेल तिथे ज्योत अजिबात नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते.

पुढे घट्ट आणि मागे सैल असं आळीपाळीने हलवत आटे सुटतात. तरीही नाही सुटला तर नट फोडतो किंवा कापतो. तुम्हाला हिशेबात तुटलेले बोल्ट दिसले, तर तो निष्काळजीपणा समजू नका.

इंजिन, गिअरबॉक्स आणि जोडीचे भाग

जाम झालेलं इंजिन मेलेलं असेलच असं नाही. बोअरमध्ये तेल सोडून कित्येक दिवस मुरू देतो आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) दोन्ही दिशांना किंचित हलवून पाहतो. पिस्टनवर थेट हातोडा कधीच नाही. ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवरचा इंजिनाचा भाग) आणि त्यातून जाणारे पोलादी स्टड (आटेदार दांडे) ही जोडी जास्त त्रास देते. ट्रायंफ स्टॅगमध्ये हेडचे काही स्टड तिरके आणि काही बोल्ट सरळ आहेत. तिरके स्टड गंजून बसले तर हेड वर सरकायला वाटच राहत नाही. अशा वेळी हेड वाचेल, अशी हमी आम्ही देत नाही.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (ॲक्सलमधला दातेरी चाकांचा डबा) यांची परिस्थिती बहुधा चांगली असते, कारण आत तेल असतं. तरी झाकण उघडून पाहतोच. गाडी एकाच जागी उभी राहिली असेल तर तेलाच्या पातळीच्या वर राहिलेल्या दातांवर गंजाचे डाग पडलेले सापडतात.

आता महत्त्वाची गोष्ट. काही भाग एकमेकांसाठीच बनलेले असतात आणि त्यांची ताटातूट झाली की दोन्हींची किंमत जाते. एसयू कार्बोरेटरचा पिस्टन आणि त्यावरची टोपी ही जोडी असते. दोन कार्बोरेटर एकदम उघडून भाग एका डब्यात टाकले की झालं वाटोळं. क्रँकच्या मुख्य बेअरिंगच्या टोप्या ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात, त्यांचा क्रमांक आणि दिशा बदलून चालत नाही. डिफरन्शियलचं क्राउन व्हील आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडीही तशीच. आम्ही अशा जोड्या तारेने बांधून एकाच पिशवीत देतो. ती तार मशीन शॉपमध्ये पोहोचेपर्यंत सोडू नका.

गंज काढणं, आणि कुठे काढू नये

ब्रॅकेट, बिजागऱ्या, पेडल असे लोखंडी भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून विजेने साफ करता येतात: भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, टाकाऊ लोखंड धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. या कामात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ते मोकळ्या हवेतच करायचं. ॲल्युमिनियम त्या पाण्यात घालू नका, सोडा ते खातो.

स्प्रिंग आणि जास्त ताकदीचे बोल्ट आम्ही ना ॲसिडमध्ये टाकतो ना विजेवर लावतो. हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होतं, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

जे आम्ही वापरण्यासाठी देत नाही

ब्रेकचे पाइप आणि होज, सीट बेल्ट, टायर, खड्डे पडलेली स्प्रिंग, आरे गंजलेली तारेची चाकं. हे नमुना म्हणून हवे असतील तर मिळतील, पण त्यावर तसं लिहिलेलं असेल. स्टीअरिंगचे आणि सस्पेन्शनचे दांडे तडा-तपासणीशिवाय देत नाही, कारण गंजाचा छोटा खड्डाही तड्याची सुरुवात ठरतो. ब्रेकचे मास्टर सिलिंडर मात्र फेकू नका. आतून खड्डे पडलेले असले तरी नवी स्लीव्ह घालून वापरता येतात.

जुने ब्रेक लायनर, क्लच आणि गॅस्केट यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. तिथली धूळ हवा मारून किंवा ब्रशने उडवत नाही; ओली करून पुसतो.

पत्र्याचे तुकडे

पूर्ण बॉडी गेली तरी काचेभोवतीचा पत्रा, बल्कहेडचा (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या भिंतीचा) वरचा भाग, बिजागरीचे खांब असे तुकडे दुसऱ्या गाडीला जीवदान देतात. आम्ही ते गरजेपेक्षा हातभर मोठे कापतो, घेणारा आपल्या मापाने छाटेल. एमजीबीची जुन्या साच्यांवर काढलेली नवी बॉडीही 1988 मध्ये बाजारात आली. तशा बॉडीवर चढवायलाही शेवटी जुन्या गाडीचेच भाग लागतात.

कागद आणि क्रमांक

चॅसी क्रमांकाची पट्टी आम्ही विकत नाही आणि दुसऱ्या गाडीवर लावून देत नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. ती कागदपत्रांसोबत तुमच्या हातात परत येते. सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक 1981 पासून रूढ झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती, म्हणून लहान-मोठा कुठलाही ठसा दिसला तर आम्ही त्याचा फोटो काढून ठेवतो. गाडी मोडीत काढल्याची नोंद करणं मालकाचं काम आहे, त्यासाठी लागणारा तपशील आम्ही देऊ.

चौकशी करताना

पाच फोटो पाठवा: दोन्ही बाजूंचे सिल खालून, डिकीची जमीन, बॅटरीची जागा, बॉनेट उघडून इंजिन आणि इंजिनावरचा क्रमांक. गाडी किती वर्षं उभी आहे आणि कशावर उभी आहे, मातीवर की फरशीवर, तेही लिहा. मातीवर उभी असेल तर येताना आम्ही फळ्या घेऊन येतो.