बिडाच्या पाईपातून आधी पोचलेला ठोका

मीटरभर दोऱ्याच्या मधोमध स्टीलचा एक चमचा बांधा. दोऱ्याची टोकं दोन्ही हातांच्या तर्जनीला गुंडाळा आणि चमचा टेबलाच्या कडेवर हलकेच आपटू द्या. किरकोळ ‘टिंग’ ऐकू येईल. आता तीच बोटं कानांत घालून पुन्हा आपटा. देवळातली मोठी घंटा वाजावी तसा खोल, लांबत जाणारा नाद डोक्यात घुमतो! हा प्रयोग मुलांना जरूर करू द्या. चमचा तोच, ठोकाही तोच. फक्त आवाज या वेळी हवेऐवजी ताणलेल्या दोऱ्यातून आला.

ध्वनी म्हणजे एका कणाने शेजारच्या कणाला दिलेला धक्का. कण जागच्या जागी हलतात, पुढे जातो तो धक्का. तो किती वेगाने जातो? फ्रेंच शास्त्रज्ञ झां-बाप्तिस्त बियो यांनी १८०८च्या सुमारास पॅरिसमधल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाईपांवर हे तपासलं. पाईपांची लांबी सुमारे ९५१ मीटर. एका टोकाला ठोका मारला की दुसऱ्या टोकाला दोन आवाज ऐकू येत, मध्ये अडीच सेकंदांचं अंतर. पहिला बिडातून आलेला, दुसरा पाईपातल्या हवेतून रेंगाळत आलेला.

पाण्याचा हिशेब १८२६ साली जिनिव्हा सरोवरात लागला. रात्री एका होडीखाली, पाण्यात घंटा टांगली होती. तिच्यावर ठोका पडताक्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडे. कित्येक किलोमीटर दूर दुसऱ्या होडीत स्विस शास्त्रज्ञ कोलादों पाण्यात सोडलेल्या नळीला कान लावून बसलेले. उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ त्यांनी मोजला. वेग निघाला सेकंदाला १४३५ मीटर. हवेत तो जेमतेम ३४० असतो.

‘पदार्थ जितका दाट, तितका आवाज वेगवान’ असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. जड कण हलायला उलट वेळच लागतो. धक्का पुढे ढकलतो तो पदार्थाचा ताठपणा. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट जड आहे, पण दाबून आकसवायला ते जवळजवळ १५ हजार पट अवघड. म्हणून वेग चौपटीहून जास्त. हेलियम हवेइतकाच सहज दाबला जातो, पण सातपट हलका. त्यात आवाज हवेच्या जवळपास तिप्पट वेगाने धावतो. आणि शिसं? लोखंडापेक्षा जड, पण मऊ. लोखंडी सळईत आवाज सेकंदाला पाच हजार मीटर जातो, तर शिशाच्या सळईत साधारण बाराशे, म्हणजे पाण्यापेक्षाही सावकाश.