सिंफनीसाठी ट्रम्पेट: बी-फ्लॅटचा की सीचा?

सोलापुरात लग्नाच्या बँडमध्ये किंवा गणपतीच्या मिरवणुकीत दिसणारा ट्रम्पेट जवळजवळ नेहमी बी-फ्लॅटचा (काळी पाच पट्टीचा) असतो. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांची ध्वनिमुद्रणं ऐकून सिंफनीकडे वळणाऱ्या मुलाला मात्र कळतं, की तिथले वादक बहुधा सीचा (पांढरी एक पट्टीचा) वाजवतात. मग प्रश्न येतो: नवा घ्यायचा का? (वाद्यवृंद म्हणजे इथे पाश्चात्त्य सिंफनी वाजवणारा. हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमाला बी-फ्लॅटच पुरतो.)

दोन्ही वाद्यं दिसायला सारखी, बटणं तीनच, बोटंही तीच. फरक नळीच्या लांबीत आहे. बी-फ्लॅटची नळी सुमारे १४८ सेंटीमीटर, सीची सुमारे १३२. जुना ट्रम्पेट विकत घेताना पेटी (हार्मोनियम) जवळ ठेवा. एकही बटण न दाबता ट्रम्पेटवाला ज्याला सी म्हणतो तो स्वर लावा. तो काळी पाचला मिळाला तर वाद्य बी-फ्लॅटचं, पांढरी एकला मिळाला तर सीचं. काही स्वस्त ट्रम्पेट जादा स्लाइड (आतबाहेर सरकणारी नळी) देऊन दोन्ही पट्ट्यांत वाजतात असं सांगून विकले जातात. ते शिकायला ठीक आहेत, पण एका पट्टीत तरी सूर कच्चा राहतो. सिंफनीसाठी ते घेऊ नका.

सीचा ट्रम्पेट मुख्य स्लाइड ओढून बी-फ्लॅटवर आणता येईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यासाठी नळी १६ सेंटीमीटरनं वाढवावी लागेल, म्हणजे स्लाइड ८ सेंटीमीटर बाहेर काढावी लागेल. तेवढी ती निघत नाहीच, आणि निघाली तरी तिन्ही व्हॉल्व्हच्या (बटणांखालच्या झडपांच्या) नळ्या सीच्याच मापाच्या राहतात. बटण दाबलं की स्वर चढा लागणार.

आता खरा मुद्दा. सिंफनीच्या ट्रम्पेटच्या कागदावर, म्हणजे लिहिलेल्या स्वरलिपीवर, संगीतकारानं त्या काळच्या वाद्याची पट्टी लिहिलेली असते: एफ, ई, ई-फ्लॅट, डी, सी, बी-फ्लॅट, ए. तुमच्या हातात यांपैकी एकच वाद्य आहे, म्हणून बाकीचं मनात बदलून वाजवावं लागतं. एफचा कागद सीच्या ट्रम्पेटवर चौथा सूर वर (सा ते म इतकं), बी-फ्लॅटवर पाचवा सूर वर (सा ते प इतकं). डीचा कागद सीवर पूर्ण एक स्वर वर, बी-फ्लॅटवर दोन स्वर वर. एचा कागद सीवर दीड स्वर खाली, पण बी-फ्लॅटवर फक्त अर्धा स्वर खाली.

संगीतकार द्वोरझाकच्या नवव्या सिंफनीतली चौथ्या भागाची धून घ्या. ट्रम्पेटचा कागद ईमध्ये आहे. लिहिलेले पहिले तीन स्वर सी, डी, ई-फ्लॅट. ऐकू येतात ई, एफ-शार्प (शार्प म्हणजे अर्धा स्वर चढा), जी. सीच्या ट्रम्पेटवर बोटं याच ऐकू येणाऱ्या स्वरांवर पडतात, एकच शार्प. बी-फ्लॅटवर तेच एफ-शार्प, जी-शार्प, ए होतात: तीन शार्पची पट्टी, आणि लिहिल्यापेक्षा पूर्ण तीन स्वर वर वाचायचं. अशा जागी सीचा ट्रम्पेट खरंच सोपा पडतो.

उलट उदाहरण संगीतकार मालरच्या पाचव्या सिंफनीचं. सुरुवात एकट्या ट्रम्पेटची, कागद बी-फ्लॅटचा, ऐकू येणारा स्वर खालचा सी-शार्प. सीच्या ट्रम्पेटवर हा तिन्ही बटणांचा स्वर, जो मुळातच चढा लागतो. तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड डाव्या हाताच्या बोटानं पुढे ढकलली नाही, तर सारा वाद्यवृंद शांत असताना बेसूर ऐकू येतो. बी-फ्लॅटवर तोच स्वर दुसऱ्या-तिसऱ्या बटणाचा, त्यामानानं निर्धोक. शिवाय सीचा ट्रम्पेट तिन्ही बटणांनी खाली एफ-शार्पपर्यंत उतरतो, बी-फ्लॅट आणखी एक स्वर खाली ईपर्यंत.

सीच्या वाद्यावर आणखी एक अडचण आहे: वरच्या सप्तकातला ई बिनबटणी वाजवला की उतरा पडतो. पुष्कळ वादक तिथे पहिलं-दुसरं बटण दाबतात, ई-फ्लॅटला दुसरं-तिसरं. बी-फ्लॅटवर हा दोष आहे, पण सहसा इतका टोचत नाही. सीनं उंच स्वर आपोआप निघतात हा समज मात्र सोडा. ओठांची ताकद तीच राहते. फक्त उंचावर नेम धरायला किंचित मदत होते.

कागदावरच्या परदेशी खुणा नीट वाचा, कारण चुका इथेच होतात. जर्मन छपाईत 'बी' म्हणजे बी-फ्लॅट, आपला साधा बी तिथे 'एच'. 'एस' म्हणजे ई-फ्लॅट. फ्रेंच 'यूत' आणि इटालियन 'दो' दोन्ही सी.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गरम हवेत ट्रम्पेटचा सूर चढतो. तालमीआधी वाद्य उन्हातल्या गाडीत ठेवू नका, फुंकून गरम झाल्यावरच स्लाइड लावा. १ सेंटीमीटर ओढली तर बी-फ्लॅट सुमारे २३ सेंटनं उतरतो, सी सुमारे २६ सेंटनं. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. सीवर हात हलका ठेवा.

आमचं मत स्पष्ट आहे: घरात चांगला बी-फ्लॅट असेल तर आधी त्यावरच कागदावरचे स्वर मनात बदलून वाचायला शिका. ब्रिटनमध्ये बी-फ्लॅटवर सिंफनी वाजवणारे वादक भरपूर आहेत, त्यामुळे तो कमी दर्जाचा नाही. रोज अर्धं पान घ्या: आधी पट्टी ठरवून स्वरांची नावं तोंडानं म्हणा, मग मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून वाजवा. एफ आणि ई आधी, कारण रोमँटिक काळाच्या उत्तरार्धातल्या (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या) संगीतात ते सतत येतात. हे अंगवळणी पडलं आणि वाद्यवृंदात नियमित जागा मिळाली, की सीचा घ्या. माउथपीस (ओठ लावायचा सुटा भाग) नवा लागत नाही, बी-फ्लॅटचाच सहसा चालतो. आणि तो सीचा ट्रम्पेट बँडमध्ये नेऊन बी-फ्लॅटचा कागद तसाच वाजवू नका. तुम्ही सगळ्यांपेक्षा एक स्वर वर वाजाल.