व्यक्तिगत वायुप्रदूषण सेन्सरांची पार्श्वभूमी

शहरात एका जागी बसवलेले मापनकेंद्र त्या जागेच्या हवेविषयी सांगते. पण घर, रस्ता, वाहन आणि कामाची जागा यांतून दिवसभर वावरणारा माणूस प्रत्यक्षात काय श्वासावाटे घेतो, हे त्यावरून कळत नाही. ही उणीव स्वस्त सेन्सर येण्याच्या कितीतरी आधी लक्षात आली होती. लंडनमधील १९५२ च्या विषारी धुक्यानंतर ब्रिटनने १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला आणि १९६१ पासून धूर व सल्फर डायऑक्साइड यांची देशव्यापी मोजणी सुरू झाली, तीही स्थिर केंद्रांवरच. व्यक्तीगणिक मोजणीची सुरुवात मात्र कामगारांपासून झाली. हार्वेल येथील ब्रिटिश अणुसंशोधन केंद्रातील शेरवुड आणि ग्रीनहाल्श यांनी १९६० मध्ये बॅटरीवर चालणारा लहान पंप आणि गाळणी असलेले, अंगावर बाळगण्याचे उपकरण मांडले. पुढे १९७६ मध्ये पाम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंपाचीही गरज नसलेली नळी तयार केली, जिच्या टोकाच्या रसायन लावलेल्या जाळीत नायट्रोजन डायऑक्साइड आपोआप शोषला जाई.

या साधनांचे उत्तर प्रयोगशाळेतून, काही दिवसांनी आणि सरासरीच्या रूपात मिळत असे, तरी त्यांनी दाखवलेली गोष्ट मोलाची होती. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे १९९० मध्ये झालेल्या अभ्यासात दिवसा व्यक्तींच्या अंगावरील उपकरणांनी नोंदवलेले पीएम १० चे, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंत व्यासाच्या कणांचे, प्रमाण घनमीटरला सरासरी सुमारे १५० मायक्रोग्रॅम होते, तर घराच्या आतील आणि बाहेरील प्रमाण सुमारे ९५ होते. माणसाच्या हालचालींनीच उडणारी धूळ त्याच्याभोवती राहते, हे त्यामागचे एक कारण मानले गेले.

क्षणाक्षणाची नोंद देणारे सेन्सर मात्र वेगळ्याच कामांसाठी घडले होते. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेला धातु-ऑक्साइड सेन्सर स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखण्यासाठी होता. विद्युत-रासायनिक घट, म्हणजे वायूशी होणाऱ्या रासायनिक क्रियेतून वीजप्रवाह निर्माण करून त्याचे प्रमाण दाखवणारे सेन्सर, कारखान्यांतील आणि खाणींतील सुरक्षेसाठी वापरले जात. तिथे धोक्याची पातळी इतकी मोठी असे की सूक्ष्म चढउतार टिपण्याची गरजच नव्हती. सूक्ष्मकणांवर प्रकाश टाकून त्याच्या विखुरण्यावरून त्यांचा अंदाज घेणारे छोटे सेन्सर प्रामुख्याने घरगुती हवाशुद्धीकरण यंत्रांसाठी बनत होते. स्वस्त लेझर डायोड, मोबाइलमुळे घरोघरी पोहोचलेले इंटरनेट आणि छोटे संगणक-बोर्ड यांची साथ मिळाल्यावर २०१० नंतरच्या दशकात हेच भाग प्रदूषणमापनाकडे वळले. केंब्रिजमधील संशोधकांनी विद्युत-रासायनिक घटांनी हवेच्या अब्ज भागांत काही मोजके भाग इतके कमी प्रमाणही मोजता येते हे दाखवले, तर २०१५ मध्ये स्टुटगार्टमधील नागरिकांनी स्वतः जोडलेल्या सेन्सरांचे जाळे उभारायला सुरुवात केली.

स्वस्ताईची किंमत अचूकतेत मोजावी लागली, आणि या इतिहासाचा खरा गाभा माझ्या मते इथेच आहे. असा सेन्सर कण तोलत नाही; विखुरलेल्या प्रकाशावरून वजनाचा तर्क करतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वर जातो, तर धूर आणि माती यांचे वजन सारखे असले तरी प्रकाश वेगळ्या प्रकारे विखुरतो. वायूंचे घट तापमानाला आणि दुसऱ्या वायूंनाही प्रतिसाद देतात. शिवाय त्यांची संवेदनशीलता काळानुसार बदलत जाते. म्हणून अचूक अशा संदर्भयंत्राशेजारी ठेवून अंशांकन करण्याची, म्हणजे त्याच्या आकड्यांशी सेन्सरचे आकडे जुळवून घेण्याची, पद्धत रूढ झाली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये अशा एका लोकप्रिय सेन्सरसाठी वापरात आणलेले सुधारणासूत्र मूळ आकडा जवळपास निम्म्यावर आणते आणि आर्द्रतेचाही हिशेब धरते.

या सूत्रांची मर्यादा व्यक्तिगत वापरात उघडी पडते. स्थिर जागी शिकलेली सुधारणा, तळणाच्या धुरातून रस्त्यावरील वाहनांच्या धुरात आणि तिथून वातानुकूलित खोलीत जाणाऱ्या उपकरणाला तशीच लागू पडत नाही, कारण दर टप्प्यावर कणांची जातकुळी आणि आर्द्रता दोन्ही बदलतात. युरोपमध्ये २०२१ मध्ये वायूंच्या सेन्सरांसाठी निघालेला चाचणीचा तांत्रिक दस्तऐवजही बाहेरील हवेत, ठरावीक जागी बसवलेल्या उपकरणांपुरताच आहे.