प्रवासमालिका, दूरचित्रवाणीवरील

प्रवासमालिका, दूरचित्रवाणीवरील : एखाद्या प्रदेशात प्रत्यक्ष जाऊन केलेले चित्रण, निवेदकाच्या सोबतीने, ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी घरबसल्या प्रेक्षकांपुढे मांडणारा कार्यक्रमप्रकार. स्थळाची माहिती देणारा माहितीपट आणि पर्यटनाची जाहिरातफीत यांहून तो वेगळा आहे. माहितीपटात स्थळ मुख्य असते. प्रवासमालिकेत तेथवर नेणारी वाट, चुकलेली गाडी, न कळणारी भाषा आणि निवेदकाचा थकवा यांनाही तितकेच स्थान असते. परदेशात कधीच न गेलेल्या माणसालाही वर्षानुवर्षे एका वाटाड्याबरोबर जग पाहता येते, हे या प्रकाराचे मर्म होय.

पूर्वपीठिका : या प्रकाराचे मूळ कोठे धरावयाचे याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ते तीर्थयात्रेला शोधलेल्या पर्यायांत आहे. क्षेत्रमाहात्म्यांच्या फलश्रुतीत, नुसत्या श्रवणानेही यात्रेचे पुण्य लाभते असे आश्वासन असते. जैन परंपरेत कार्तिकी पौर्णिमेला गुजरातेतील पालिताण्याजवळच्या शत्रुंजय तीर्थाचा रंगवलेला भव्य पट उभारला जातो आणि पालिताण्याला जाऊ न शकणारे श्रावक त्या पटापुढे उभे राहून यात्रा केल्याचा भाव धरतात. डोंगराची चढण, पायऱ्या, देवळांच्या रांगा हे सारे त्या कापडावर असते. नजर पायथ्यापासून वर चढत जाते. युरोपात तेराव्या शतकाच्या मध्यास मॅथ्यू पॅरिस या इंग्रज संन्याशाने लंडनहून जेरुसलेमकडे नेणारे टप्प्याटप्प्यांचे पट्टीनकाशे काढले. मठ सोडण्याची मुभा नसलेल्यांनी ते बोटाने चालावेत असा त्यांचा हेतू असावा, असे काही अभ्यासक मानतात.

दुसरे मत या प्रकाराची सुरुवात दृक्-करमणुकीत पाहते. रॉबर्ट बार्कर याने १७८७ मध्ये वर्तुळाकार दृश्यपटाचे (पॅनोरमा) एकस्व (पेटंट) घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास इमारत उभी राहिली. चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ मध्ये त्रिमितिदर्शकाचे (दोन चित्रांतून खोलीचा भास देणारे उपकरण, स्टिरिओस्कोप) तत्त्व मांडले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर ते उपकरण घरोघरी पोहोचले. पुढे अमेरिकी कंपन्यांनी देशवार छायाचित्रसंच विकावयास काढले. संचासोबत नकाशा व पुस्तिका येई आणि छायाचित्र कोठे उभे राहून, कोणत्या दिशेला घेतले आहे, ते नकाशावर दाखविलेले असे. प्रेक्षकाने केवळ चित्र न पाहता त्या जागी उभे राहावे, हा आग्रह येथे स्पष्ट दिसतो.

अधिकतर संदर्भग्रंथ दुसरे मत पत्करतात, कारण यंत्रांची सनावळी सलग लावता येते. तथापि ‘जाता येत नाही म्हणून पाहणे’ ही प्रेरणा पहिल्या मतात अधिक नेमकी पकडली आहे, आणि दूरचित्रवाणीच्या इतिहासातून तिलाच दुजोरा मिळतो.

‘ट्रॅव्हलॉग’ हा शब्द : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन स्टॉडर्ड (१८५०–१९३१) याने जादूच्या कंदिलाच्या (काचेवरील चित्रे पडद्यावर पाडणारे उपकरण) काचपट्ट्या दाखवीत दिलेली प्रवासव्याख्याने अत्यंत लोकप्रिय झाली. त्याचा वारसा बर्टन होम्स (१८७०–१९५८) याच्याकडे आला. होम्सने आपल्या कार्यक्रमांना ‘ट्रॅव्हलॉग’ हे नाव दिले. शब्दाचा पहिला वापर सर्वसाधारणपणे १९०३-०४ मधला धरतात. तो स्वतः होम्सने घडविला असे बरेच कोश नोंदवितात. तर होम्सच्या लंडनमधील कार्यक्रमांसाठी त्याचा व्यवस्थापक लुई फ्रान्सिस ब्राउन याने सुचविला, असेही सांगितले जाते. ‘व्याख्यान’ म्हटले की गिऱ्हाईक बिचकते, हे जाणणाऱ्या व्यवस्थापकाला असा शब्द सुचणे संभवनीय वाटते.

चलच्चित्र आणि आगगाडी : चित्रपट आल्यावर ‘पाहणारा स्थिर, दृश्य पुढे सरकते’ ही आजही चालू असलेली मांडणी फार लवकर सिद्ध झाली. चित्रपटाचे फ्रेंच प्रवर्तक ल्युमिएर बंधू यांचा छायाचित्रकार अलेक्सांद्र प्रोमियो याने १८९६ मध्ये व्हेनिसच्या कालव्यातून जाणाऱ्या नावेवर कॅमेरा ठेवून काठावरील वाड्यांचे चित्रण केले. त्याच वर्षी ७ जुलै रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांच्या लघुपटांचा खेळ झाला व त्यात स्थानकात येणारी आगगाडी होती. ती प्रेक्षकाच्या दिशेने येत होती. प्रेक्षकालाच गाडीवर बसविण्याचे काम पुढच्या वर्षी अमेरिकेत झाले : इंजिनाच्या तोंडाशी कॅमेरा बांधून रूळ, वळणे व बोगदे टिपले गेले. या चित्रपटांना ‘फँटम राइड’ म्हणत, कारण गाडी ओढणारे इंजिन पडद्यावर दिसतच नसे.

यातून ‘हेल्स टूर्स’ हा खेळ निघाला. कॅन्झस सिटीच्या अग्निशमन दलाचे माजी प्रमुख जॉर्ज हेल यांनी रेल्वेच्या डब्यासारखे प्रेक्षागृह उभारले. समोर पडद्यावर रुळांवरून घेतलेले चित्रण चाले, डबा हलविला जाई, शिटी वाजे आणि दारावरचा माणूस गार्डच्या वेशात तिकिटे घेई. हा खेळ १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनात सुरू झाला असे जुन्या ग्रंथांत वारंवार आढळते. परंतु पहिला सार्वजनिक खेळ १९०५ मध्ये कॅन्झस सिटीच्या इलेक्ट्रिक पार्कमध्ये झाला, हे मत अधिक विश्वसनीय आहे.  काही वर्षांतच या खेळाला ओहोटी लागली.

महाराष्ट्रात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी सु. १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. तंत्र स्टॉडर्डच्याच कुळातले, पण मुख्य भर रामायण-महाभारतातील आख्यानांवर होता. कंदिलाच्या उजेडात येथे देशाटनापेक्षा कथा आधी आली, हा फरक लक्षणीय आहे.

दूरचित्रवाणीवरील प्रारंभ : ब्रिटनमध्ये बीबीसीने १९५४ मध्ये डेव्हिड ॲटनबरो यांची प्राणिशोधमोहिमांवरील मालिका दाखविली आणि १९५९ पासून ॲलन व्हिकर यांचा जगभरच्या माणसांना भेटण्याचा कार्यक्रम रुजला. पाश्चात्त्य ग्रंथ येथेच थांबतात. या प्रकाराची खरी ताकद मात्र त्याच सुमारास जपान व सोव्हिएट संघ या देशांत दिसली.

जपानमध्ये कानेताका काओरू (१९२८–२०१९) यांची जगप्रवासमालिका डिसेंबर १९५९ मध्ये टीबीएस वाहिनीवर सुरू झाली. कोबे येथे जन्मलेल्या काओरू यांचे वडील भारतीय व आई जपानी. १९५८ मध्ये नेमाने चालणाऱ्या प्रवासी विमानांनी सु. ७३ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करून त्या प्रसिद्धीस आल्या होत्या. मालिका १९९० पर्यंत चालली आणि तिचे १,५८६ भाग झाले. निर्मिती, दिग्दर्शन व निवेदन या तिन्ही बाजू त्या सांभाळीत. अतिशय अदबशीर, जुन्या वळणाची जपानी भाषा हे त्यांच्या निवेदनाचे वैशिष्ट्य होते. मालिका सुरू झाली तेव्हा सामान्य जपानी नागरिकाला केवळ हौसेखातर परदेशी जाता येत नसे. ती मुभा १ एप्रिल १९६४ रोजी मिळाली, तीही वर्षातून एकदा आणि ५०० डॉलरच्या मर्यादेत. म्हणजे पहिली चार-सव्वाचार वर्षे ही मालिका प्रेक्षकाला जाताच येणार नाही असे जग दाखवीत होती.

मॉस्कोत १८ मार्च १९६० रोजी ‘प्रवासपटांचा क्लब’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. पहिले निवेदक व्लादिमीर श्नायदेरोव्ह हे स्वतः मोहिमांवर गेलेले चित्रपटकार. १९७३ पासून यूरी सेंकेविच हे वैद्य त्यांच्या जागी आले. नॉर्वेचे संशोधक थोर हेयरदाल यांच्या, पपायरस या लव्हाळ्याच्या ‘रा’ नौकेवर १९६९ मध्ये आणि पुढच्या वर्षी अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘रा-२’ वर ते वैद्य म्हणून होते. २००३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, त्यांनी हा कार्यक्रम सांभाळला. देशाबाहेर पडण्यास सरकारी परवाना लागणाऱ्या नागरिकांसाठी अटलांटिक ओलांडून आलेला हा माणूस बाहेरच्या जगाचा साक्षीदार होता.

या उदाहरणांचे दोन अर्थ लावले जातात. एक, अशा मालिका बंद दाराआडच्या समाधानाचे साधन होत. दोन, त्या पुढील पर्यटनाची भूक तयार करतात. दुसऱ्या मताला बाजारपेठेचा आधार आहे : अमेरिकेतील ‘ट्रॅव्हल चॅनेल’ १९८७ मध्ये टीडब्ल्यूए या विमानकंपनीच्याच एका शाखेने सुरू केली. परंतु जपानमध्ये दारे उघडल्यावरही कानेताकांची मालिका आणखी सव्वीस वर्षे टिकली, हे दोन्ही मतांत नीट बसत नाही. प्रेक्षक प्रवासाला पर्याय म्हणून नव्हे, तर विश्वासू नजरेच्या सोबतीसाठी ती पाहत होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

तंत्र : निवेदक एकटा वाळवंटात चालत जाताना दिसतो तेव्हा त्याच्या पाठीमागे कॅमेरा, ध्वनिमुद्रक व दिग्दर्शक असतात, ‘नुकताच पोहोचलो’ हे दृश्य टिपणारा कॅमेरा त्याच्या आधी पोहोचलेला असतो. बीबीसीच्या १९८९ मधील मालिकेत ब्रिटिश विनोदी अभिनेते मायकेल पॅलिन यांनी चित्रण करणाऱ्या चमूला, ज्यूल व्हेर्नच्या कादंबरीतील नोकराच्या नावावरून, ‘पासपार्तू’ असे नाव देऊन हा पडदा मोकळेपणाने बाजूला सारला. विमान टाळून ८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची ही अट होती. २५ सप्टेंबर १९८८ रोजी लंडनहून निघून ते ७९ दिवस व ७ तासांत परतले. मालिकेचा गाभा दुबई ते मुंबई हा ‘ढाऊ’ या अरबी धाटणीच्या लाकडी गलबतावरील प्रवास आहे. गुजराती खलाशांबरोबर उघड्या डेकवर झोपणे, आजारपण आणि मुंबई येताच निरोप घेताना आलेला गहिवर यांनी जवळजवळ अख्खा एक भाग व्यापला आहे. पाहण्याजोगे स्थळ एकही नसताना तो भाग सर्वाधिक लक्षात राहतो.

याची पुढची पायरी नॉर्वेत दिसते. बर्गन रेल्वेमार्गाच्या शताब्दीनिमित्त २७ नोव्हेंबर २००९ रोजी एनआरके या सार्वजनिक वाहिनीने बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून अधिक लांबीचा प्रवास सलग दाखविला. सु. १२ लाख लोकांनी तो थोडाफार तरी पाहिला. बोगद्यांतील अंधाराच्या वेळी मार्गाच्या इतिहासाची जुनी चित्रणे जोडली होती. २०११ मध्ये बर्गन ते किर्केनेस हा १३४ तासांचा सागरी प्रवास थेट दाखविला गेला. ‘संथ दूरचित्रवाणी’ म्हणून नावाजलेली ही कल्पना मुळात १८९७ ची फँटम राइडच होय.

भारत व महाराष्ट्र : मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. परकीय चलनावरील निर्बंधांमुळे परदेशप्रवास तेव्हा थोड्यांच्याच आवाक्यात होता. मराठी वाचकाची ती हौस प्रवासवर्णनांनी भागविली. दूरदर्शनवर १९९० नंतर सिद्धार्थ काक व रेणुका शहाणे यांनी सादर केलेल्या ‘सुरभि’ने देशातील कला, गावे व कारागीर घराघरांत नेले, त्यातील प्रश्नांना पोस्टकार्डांचे ढीग येत. झी समूहाच्या मराठी वाहिनीवर मिलिंद गुणाजी यांच्या ‘भटकंती’ने गडकोट, लेणी व घाटवाटा दाखविल्या. पुढे खाद्यभ्रमंतीच्या मालिका आल्या.

आषाढी वारीचे दूरचित्रवाणीवरील चित्रण हाही याच प्रकाराचा भाग मानावा लागेल. वृत्तवाहिन्या रिंगण, घाटातील चढण व मुक्काम रोज दाखवितात आणि थकलेले वारकरी घरातून ती वाट चालतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. आळंदी व देहूहून पादुका ३० जून रोजी एसटीच्या सजवलेल्या गाड्यांतून पंढरपूरला गेल्या, आणि त्या रस्त्याचे दर्शन लोकांनी पडद्यापुढे हात जोडून घेतले.