अंगावरचा खेळ आणि चिवट खेळ

रविवारी सकाळी मैदानावरून परतताना आमची टोळी सेव-उसळीच्या गाडीवर थांबते. गेल्या रविवारी आम्ही फुटबॉलचा सामना दोन गोलांनी हरून आलो होतो. बडोद्याच्या दांडिया बाजारचे आमचे मामा पोरवयात तिथल्या जुम्मादादा व्यायाम मंदिर या आखाड्यात जोर-बैठका काढलेले, त्यामुळे खेळ कोणताही असो, निदान एकच. पावावर तरी ओतत ते म्हणाले, "तुम्ही पोरं अंगाला अंग लावायला भिता. अंगावर जाऊन खेळा, मग बघा कसे जिंकता!" गोलकीपरने लगेच मान डोलावली. मी गप्प बसलो, कारण त्या दोनपैकी एक गोल फ्री किकवर (फाउल झाला की समोरच्याला मिळणाऱ्या मोकळ्या किकवर) बसला होता आणि ती फ्री किक आम्हीच अंगावर जाऊन दिली होती.

मामा दोन वेगळ्या गोष्टी एका श्वासात बोलतात. टीव्हीवर मॅच बघणारे निम्मे लोकही तसंच बोलतात. अंगावरचा खेळ ही खेळायची रीत झाली : खांद्याने रेटणं, उंच चेंडूसाठी भिडणं, टॅकलमध्ये, म्हणजे समोरच्याकडून चेंडू काढून घेताना, पाय मागे न घेणं. चिवट खेळ त्याच्या फळावरून ओळखायचा. आपला दिवस वाईट आहे, पास जुळत नाहीत, समोरचा सरस आहे, तरी संघ १-० किंवा ०-० करून गुण खिशात घालून घरी येतो. पहिलं केलं की दुसरं आपोआप मिळतं, असं समजण्यातच घोटाळा आहे.

मुळात अंगावर जाणं म्हणजे फाउल नव्हे, हे मामांनाही पटवावं लागलं. चेंडू खेळण्याच्या टप्प्यात असताना खांद्याला खांदा लावून रेटणं नियमाला मान्य आहे. फाउलबद्दलच्या बाराव्या नियमात पायऱ्या आहेत : निष्काळजीपणे धडकलात तर नुसती फ्री किक, समोरच्याला लागेल याची पर्वा न करता गेलात तर ताकिदीचं पिवळं कार्ड, आणि गरजेपेक्षा जास्त ताकद लावून त्याला धोक्यात घातलंत तर लाल, म्हणजे थेट मैदानाबाहेर.

आता २०१० च्या विश्वचषकाची नेदरलँड्स विरुद्ध स्पेन ही अंतिम लढत घ्या. नेदरलँड्सने ठरवून रेटारेटी केली. २८ व्या मिनिटाला त्यांच्या डी याँगची लाथ थेट स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बसली आणि तरी तो पिवळ्या कार्डावर सुटला. (माझ्या मते ते लालच होतं.) सामन्यात १४ पिवळी कार्डं निघाली. १०९ व्या मिनिटाला नेदरलँड्सचा हायटिंगा दुसऱ्या पिवळ्यावर बाहेर गेला आणि ११६ व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्ताने गोल केला. खरी गंमत स्पेनच्या आकड्यांत आहे. नाजूक, छोटे पास देणारा संघ म्हणून त्यांचं कौतुक झालं, पण बाद फेरीचे चारही सामने त्यांनी १-० असेच काढले. सात सामन्यांत गोल अवघे आठ, खाल्लेले दोन. त्या स्पर्धेतला सगळ्यात चिवट संघ तोच होता, आणि चिवटपणा आला होता चेंडू समोरच्याला न देण्यातून. धक्काबुक्की लागलीच नाही.

मग अंगाच्या जोरावर कोणी जिंकतच नाही का? जिंकतात की. २००४ च्या युरोपर्यंत (युरोपीय देशांच्या स्पर्धेपर्यंत) ग्रीसने मोठ्या स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. त्या युरोत प्रशिक्षक ओटो रेहागेलच्या या संघाने फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि शेवटी पोर्तुगाल, तिघांनाही १-० ने घरी पाठवलं. तिन्ही गोल हेडरने, म्हणजे डोक्याने मारून झाले, त्यातले दोन कॉर्नरवर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवर. उंची आणि ताकद होतीच, पण ती खर्च झाली गोलसमोर. मधल्या मैदानात कोणाचे पाय मोडण्यात नव्हे. १९८८ च्या एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विम्बल्डनने लिव्हरपूलला हरवलं तेव्हाही असंच झालं. लोकांच्या लक्षात त्यांची दांडगाई राहिली, पण निकाल ठरला त्यांच्याच सांचेझच्या फ्री किकवरच्या हेडरने आणि त्यांचा गोलकीपर बीसंटने अडवलेल्या पेनल्टीने.

मामांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, की कुस्तीत नुसतं बळ लावून समोरचा चीत होत नाही, बळ डावामागे लागतं. त्यावर ते म्हणाले, "हे मला शिकवतोस?" आणि आणखी पाव मागवले.

बाद फेरीत दोन-चार सामने असे निघतात. लीगमध्ये हिशोब बदलतो. हंगामातले ३८ सामने ०-० केले तर बरोबरीच्या एकेका गुणाने ३८ गुण, म्हणजे फार तर खालच्या लीगमध्ये न ढकललं जाण्याची आशा. विजयाला तीन गुण असल्यामुळे नुसतं अडवून भागत नाही. प्रशिक्षक सिमिओनेच्या अॅटलेटिको माद्रिदने २०१३-१४ मध्ये ९० गुण घेऊन ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग जिंकली, फक्त २६ गोल खाऊन. पण अंगाची किंमतही मोजली : बार्सिलोनाविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात पहिल्या पंचवीस मिनिटांतच त्यांचे दिएगो कोस्टा आणि अर्दा तुरान दुखापतीने बाहेर बसले. किताबाला पुरेशी असलेली १-१ ची बरोबरी मिळाली ती त्यांच्या गोदिनच्या हेडरने, तोही कॉर्नरवरच.

दोन्ही गोष्टी एकाच सामन्यात वेगवेगळ्या बघायच्या असतील तर १९८६ च्या विश्वचषकातला उरुग्वे विरुद्ध स्कॉटलंड बघा. बाद फेरीत जायला उरुग्वेला बरोबरी पुरत होती. त्यांच्या बातिस्ताने स्कॉटलंडच्या स्ट्रॅकनला असं पाडलं की ५६ व्या सेकंदाला रेफरीने लाल कार्ड काढलं. विश्वचषकात इतक्या लवकर कोणालाच बाहेर काढलेलं नाही. हा झाला अंगावरचा खेळ. उरलेल्या दहा जणांनी पुढची ८९ मिनिटं बचावाची रेषा न मोडता सामना ०-० राखला आणि उरुग्वे पुढे गेला. पुढच्याच सामन्यात अर्जेंटिनाने त्यांना १-० ने हरवलं, हे मी मामांना अजून सांगितलेलं नाही.