मिरची यंदाची, बी पुढच्या सालाचं

ढोबळी मिरचीच्या शेजारी तिखट संकेश्वरी मिरची लावू नये, ढोबळी तिखट होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही परसात मिरची लावणाऱ्या बाईला विचारा, हे ऐकायला मिळेल. सांगणारीचा अनुभव खोटा नाही. हिशेबात एक साल मागंपुढं झालंय, इतकंच.

मिरचीचं साल आणि आतला पांढरा पडदा आईच्या झाडाच्याच अंगाचा असतो. तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे येतो ते त्या पडद्यात तयार होतं. बिया पडद्याला चिकटलेल्या असतात म्हणून त्याही झोंबतात. शेजारच्या झाडाचा पराग मधमाशीच्या अंगाला लागून आला तरी यंदाच्या फळाची चव तो बदलू शकत नाही. बदलतं ते आतलं बी. त्यात निम्मा वारसा ढोबळीचा आणि निम्मा संकेश्वरीचा उतरतो. तेच बी धरून पुढच्या मृगात टाकलं की लागणारी मिरची ना धड फुगीर असते ना धड लांब, पण तिखट मात्र नक्की असते, कारण तिखटपणाचं जनुक गोडपणाच्या जनुकावर मात करतं.

मक्याचं मात्र वेगळं. तिथं आपण खातो तो दाणा म्हणजेच बी. परागातून दोन शुक्रपेशी येतात. एकीपासून अंकुर तयार होतो आणि दुसरी त्या अंकुराचा खाऊ, म्हणजे दाण्यातला पिठूळ भाग, तयार करण्यात सामील होते. त्यामुळे पांढऱ्या मक्याच्या कणसात पिवळे दाणे त्याच हंगामात दिसतात. शाळेच्या बागेत मक्याच्या दोन रंगांच्या ओळी शेजारी शेजारी लावल्या, तर परागीभवन म्हणजे काय हे फळ्यावर चित्र काढून शिकवावं लागत नाही.

शाळांच्या बागा आणि गावातली बियांची देवघेव यांचा विचार करताना सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. गेल्या काही वर्षांत जवारी, म्हणजे गावरान, बियाण्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. अकोले तालुक्यातल्या, गावरान बी राखणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली तेव्हा घराघरांतल्या बियांच्या मडक्यांकडे लोकांचं लक्ष गेलं. आपल्या दक्षिणेला शिरसीत ‘वनस्त्री’ हा बायकांचा गट २००१ पासून मलनाडातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या डोंगराळ पावसाळी भागातल्या, परसबागांचं बी राखतोय. ठिकठिकाणी बियाणं जत्रा भरतात, टेबलावर शंभर बाटल्या मांडलेल्या असतात, फोटो छान येतात. मला त्या बाटल्यांबद्दल एकच शंका असते: आतलं बी कुणाच्या शेजारी पिकलं होतं?

कारण सगळ्या पिकांची रीत सारखी नाही. भाताचं फूल सकाळी तासा-दोन तासांपुरतं उघडतं आणि बहुतेक वेळा आपल्याच परागाने फळतं. म्हणून प्रमाणित भात बियाण्यासाठी दोन वाणांत ३ मीटर अंतर पुरे मानतात. बेळगावच्या यळ्ळूर-वडगावच्या बासमतीत भेसळ झाली तर ती बहुधा फुलात होत नाही. ती खळ्यावर, मळणी यंत्रात, नाहीतर न झटकलेल्या पोत्यात होते. घेवडा, वाटाणा, चवळी, टोमॅटो हीसुद्धा बरीचशी स्वतःपुरती राहणारी पिकं. शाळेनं बी धरायला सुरुवात करावी तर यांच्यापासून.

मिरचीला हेच अंतर २०० मीटर लागतं. मिरची स्वतःच्या परागाने फळू शकते, पण मधमाश्या भरपूर असतील तर परक्या परागाचं प्रमाण खूप वाढतं. २०० मीटर मोकळी जागा कुठल्या शाळेकडे आहे? शाळेचं कुंपण संपलं की कुणाचं तरी परसू सुरू होतं. यावर उपाय मच्छरदाणीच्या कापडाचा. कळ्या उमलायच्या आधी एका फांदीवर पिशवी बांधायची, रोज सकाळी फांदी हलकेच हलवायची, फळं धरली की पिशवी काढून त्या फळांच्या देठाला रंगीत दोरा बांधायचा. दोरा बांधलेली मिरची तोडायची नाही एवढा एक नियम वर्गात पाळला गेला की पुरे. हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या नावाची ही मिरची, सीमेपलीकडे गडहिंग्लजपर्यंत पिकणारी, लांब, बारीक आणि झणझणीत. रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, असा आपल्याकडच्या चटणीचा जुना मेळ. दोन्ही एकाच जातीच्या वनस्पती आहेत, एकमेकींशी सहज संकर पावतात. एकाच वाफ्यात दोन्ही लावून बी धरलं तर काही वर्षांनी ना रंग राहील ना तिखट.

वेलवर्गात अजून गंमत आहे. दोडका, दुधी, भोपळा, काकडी यांच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागं इवलासा दोडका आधीच दिसतो, नराच्या मागं नुसता देठ. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, तेव्हा शाळा सुटलेली असते आणि परागीभवनाचं काम पतंगांकडे असतं. लाल भोपळा मात्र पहाटे उघडतो आणि दुपारच्या आत मिटतो. शाळेच्या वेळापत्रकाला तोच सोयीचा. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणारी, टोकाशी पिवळी पडलेली एक नर आणि एक मादी कळी दोऱ्याने बांधून ठेवायची. सकाळी प्रार्थनेनंतर दोन्ही सोडायच्या, नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यावर फिरवायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. हा भोपळा वेलावरच पूर्ण पिकू द्यायचा.

दुधी-दोडक्याच्या बाबतीत हे नुसतं हौसेचं काम नाही. कुंपणावर उगवणाऱ्या कडू दोडकीचा पराग दोडक्यावर पडला तर यंदाचा दोडका गोडच लागेल, पण त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी कडू फळं निघू शकतात. ही कडू चव कुकर्बिटासिन नावाच्या द्रव्यांची असते आणि ती विषारी असतात. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. म्हणून ज्या वेलाचं बी धरायचं त्यावरच्या एका कोवळ्या फळाची फोड जिभेच्या टोकाला लावून बघावी. कडू लागली तर थुंकून टाकावी आणि पूर्ण वेल उपटावा. जवारी आहे म्हणून कडवटपणा खपवून घेऊ नये.

आता जवारीपणाचा दुसरा अर्थ. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाशी, पावसाळ्यात आठवडे आठवडे ऊन दिसत नाही. तिथून ईशान्येला अथणीकडे जावं तर पावसाची वाट बघत जोंधळा उभा. एकाच जिल्ह्यात इतका फरक. जिथं ज्या बियांनी पिढ्यान् पिढ्या तग धरला त्याच बिया पुढं धरल्या गेल्या, त्यामुळे खानापूरच्या ओल्या मातीतलं वाण अथणीत तसंच वागेल ही अपेक्षा धरू नये. बी वाटणाऱ्यानं पुडीवर नावाबरोबर गाव, साल, पेरल्याची वेळ आणि शेजारी त्याच पिकाचं दुसरं वाण होतं का, एवढं लिहिलं तरी घेणाऱ्याचं निम्मं काम होतं. मुलांकडून हे लिहून घेणं सोपं आहे, मोठ्यांकडून अवघड.

पावट्याचंच बघा. पावट्याची जुनी वाणं दिवस लहान व्हायची वाट बघतात. बेळगावात जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा असतो, डिसेंबरात सव्वाअकरा तासांवर येतो. वेल खरं तर रात्रीची लांबी मोजतो, आणि ती पुरेशी वाढल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये लावलेला पावटा ऑक्टोबरपर्यंत नुसती पानं काढत मांडवावर पसरतो. नवीन आलेले गुरुजी म्हणतात, वांझ वेल आहे, काढून टाका. महिनाभर थांबले असते तर फुलांचे तुरे दिसले असते.

बी धरलं, पुढं ते जगवायचं कसं? बी जिवंत असतं, फार मंद गतीनं श्वास घेतं, आणि त्याचं आयुष्य ओलावा व उष्णता यांवर ठरतं. हॅरिंग्टन या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाचा एक ढोबळ नियम आहे: बियातला ओलावा १ टक्क्याने कमी केला की त्याचं साठवणीतलं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान ५ अंशांनी उतरवलं तरी दुप्पट. नियम सुमारे ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या पट्ट्यात लागू पडतो. म्हणजे १२ टक्क्यांवरचं बी ९ टक्क्यांवर आणलं तर हिशेबाने आठपट टिकावं.

इथं खानापूरकरांची अडचण सुरू होते. बी हवेतला ओलावा ओढून घेतं. आषाढात हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास गेली की उघड्यावरच्या धान्याच्या बियातला ओलावा १६ टक्क्यांच्याही वर चढतो. मातीचं गाडगं श्वास घेतं म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, पण कणकुंबीच्या पावसात गाडग्याने श्वास घेणं बियांच्या जिवावर येतं. जुन्या बायकांना हे ठाऊक होतं. मक्याची कणसं चुलीच्या वर आढ्याला टांगलेली असायची, तिथं हवा कायम कोरडी आणि धुरामुळे किडा नाही. काकडीचं बी शेणात थापून भिंतीला लावायचे. आता घरात गॅस आला, चुलीवरचं आढं गेलं, आणि बी मात्र अजून गाडग्यातच ठेवायचा आग्रह. माझ्या मते आपल्या पश्चिम भागात जुन्या गाडग्यापेक्षा घट्ट झाकणाची काचेची बरणी कितीतरी बरी.

अट एकच, बी आधी कडक वाळलेलं हवं. ओलं बी बरणीत कोंडलं तर उघड्यावरच्यापेक्षा लवकर मरतं. सावलीत, वाऱ्यावर वाळवावं. तापलेल्या पत्र्यावर कधीच नाही. वाळलं का हे बघायला काचेच्या कोरड्या बाटलीत थोडं बी आणि चमचाभर कोरडं बारीक मीठ घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं किंवा त्याच्या गुठळ्या झाल्या तर बी ओलं. मग बरणीच्या तळाशी कडक भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची, तो उरलासुरला ओलावा ओढतो.

कडधान्यांत भुंग्याचा प्रश्न वेगळा, कारण भुंगा बरणीत बाहेरून शिरत नाही. शेतातच शेंगेवर अंडी घातलेली असतात, अळी दाण्यात शिरते आणि बरणीत बाहेर पडते. चाळलेली राख इथं खरंच काम करते. दाण्यांमधल्या फटी भरून भुंग्यांना हलू देत नाही आणि त्यांच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते, त्यामुळे ते सुकून मरतात. एरंडेलाचा हात फिरवला की अंड्यांना हवा मिळत नाही. नीट वाळलेलं बी बंद डब्यात घालून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं तरी भागतं.

टोमॅटोच्या बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो. तो काढायला गर वाटीत दोन-तीन दिवस आंबवतात आणि मग धुतात. वास येतो, मुलं नाकं मुरडतात आणि कौतुकानं पुन्हा पुन्हा वाटीत डोकावतात.

शाळेच्या बागेची सगळ्यात मोठी अडचण पाण्याची नसून सुट्टीची आहे. कर्नाटकात शाळा जूनच्या तोंडावर सुरू होते, ऑक्टोबरात दसऱ्याची सुट्टी, आणि एप्रिल-मे बाग वाऱ्यावर. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१९ मध्ये शाळांतल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अक्षर दासोहच्या, म्हणजे कर्नाटकातल्या शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, सांबारात शाळेतलीच भाजी पडावी ही कल्पना उत्तम आहे. पण भाजी आणि बी यांची गरज उलटी. भाजीला कोवळं फळ लागतं, बियाला जून. पहिली, निरोगी, भरदार फळं बियाला सोडायची आणि भाजी नंतरच्या फळांची करायची, हे स्वयंपाकघराला पटवणं सोपं नाही. बहुतेक ठिकाणी शेवटी उरलेल्या किडक्या दोडक्याचं बी धरलं जातं. मार्चपर्यंत बी वाळून बरणीत गेलं तर सुट्टीची चिंता मिटते. पावटा, दोडका, भोपळा, मिरची हे गणित सहज पाळतात.

उगवण तपासायला वेगळी प्रयोगशाळा नको. नवरात्रात घटाभोवती धान पेरतो तेव्हा नकळत तेच करतो. देवघराच्या अंधारात ते पिवळं उगवतं, कारण उजेडाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. फक्त मोजायचं राहून जातं. शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि आठवड्याने धड मोड आलेल्या मोजल्या की टक्केवारी हातात येते. सोयाबीनला ७० टक्के ही प्रमाणित बियाण्याची किमान मर्यादा आहे. त्याचं साल पातळ असल्याने पोतं आपटलं तरी उगवण घटते.

दुकानातल्या संकरित वाणांचं बी मात्र या बरणीत घालू नये. पहिल्या पिढीत सगळी झाडं एकसारखी येतात, त्यांचं बी पेरलं की आजी-आजोबांचे गुण विखरून बाहेर पडतात. मेंडेलने हे १८६६ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांतून छापलं. ‘सुधारित’ लिहिलेली सरळ, म्हणजे संकरित नसलेली, वाणं धरायला हरकत नाही. गुलाबी-निळ्या रंगाचं बी म्हणजे त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे, ते मुलांच्या हाती देऊ नये. आणि वाटायला कायद्याची भीती नको. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, अदलाबदलीचा आणि विकायचाही हक्क दिलाय, ब्रँडच्या नावाने विकता येत नाही एवढंच.

रताळं मात्र बरणीत मावत नाही. बेळगाव-खानापूरच्या लाल मातीतलं हे मोठं पीक वेलाच्या तुकड्यांनी लावतात, त्यामुळे प्रत्येक वेल आधीच्या वेलाचीच नक्कल असतो आणि रोगही तसाच्या तसा पुढं जातो. शेजाऱ्याकडून वेल घेताना शेंड्याकडचे तुकडे मागून घ्यावेत. रताळ्याला लागणारा सोंड्या भुंगा अंडी घालायला बुंध्याजवळचा जून भाग पसंत करतो.