शेअरच्या कागदाची मागची बाजू

नौपाड्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. लग्नपत्रिका, भाड्याच्या पावत्या यांच्याखाली कधीकधी जाड, पिवळट कागद निघतात: बंद पडलेल्या कापडगिरण्यांचे शेअर. बहुतेक घरांतून ते रद्दीत जातात. ठाण्यात असे कागद जमवणारे आम्ही थोडेच. मात्र गिरणीचं भांडवल कुणी घातलं, नफा कुणी नेला आणि ती गेली कशी, हे या कागदांइतकं जवळून दुसरीकडे कुठे दिसत नाही.

सुरुवात 1854 ची. बोरीबंदर–ठाणे आगगाडी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी पाच लाखांचं भांडवल उभं केलं. एक शेअर पाच हजारांचा. म्हणजे मालक सगळे पेढीवाले आणि व्यापारी. 1857 च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी त्याच्या शेअरच्या रकमेपुरती ठेवण्याची सोय केली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि मुंबई शेअरच्या मागे लागली. समुद्र बुजवून जमीन करायला निघालेल्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. गिरण्यांची खरी वाढ त्यानंतरची. 1875 मध्ये शेअर दलालांची संघटना झाली आणि शेअर हळूहळू मध्यमवर्गाच्याही हातात येऊ लागले.

कागदावर संचालकांच्या सह्या आणि कंपनीचा शिक्का असतो, आणि बऱ्याचदा मॅनेजिंग एजंटांचं, म्हणजे कराराने गिरणीचा कारभार चालवणाऱ्या पेढीचं, नावही. खरी सत्ता त्या नावाची. सुरुवातीच्या कित्येक गिरण्यांत एजंटांचं कमिशन उत्पादनावर असे, रतलामागे (पौंडामागे) पाव आणा. गिरणी तोट्यात असो, माल पडून असो, कमिशन चालूच. भागधारकाला लाभांश मिळाला तर मिळाला. मला हा अन्याय वाटतो, आणि ही पद्धत 1970 पर्यंत टिकली याचं वाईटही वाटतं.

सोलापूरच्या ‘जुन्या गिरणी’ची कथा तर या छंदात शिरणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. 1949 मध्ये गिरणी बंद झाली आणि 1950 च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. तिच्या शंभराच्या प्रेफरन्स शेअरवर (ज्याला लाभांश आधी मिळतो असा शेअर) पन्नासच रुपये भरलेले होते. सरकारने नेमलेल्या संचालकांनी उरलेले पन्नास मागितले. एक भागधारक कोर्टात गेला आणि 1953 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात जिंकला: भरपाई न देता गिरणी ताब्यात घेणं घटनेत बसत नाही, असा निकाल लागला. जुन्या शेअरवर किती रक्कम भरली आहे ते लिहिलेलं असतं. ती ओळ मी तेव्हापासून आधी वाचतो.

माझ्याकडे मुंबईच्या एका गिरणीचे पाच शेअर आहेत, 1936 चे. पुढच्या बाजूला नक्षीदार चौकट. मागे हस्तांतराचे रकाने: आधी एक व्यापारी, मग त्याची विधवा, मग गिरगावातला एक शिक्षक. प्रत्येक नोंदीची शाई वेगळी. बाजारात चौकटीच्या नक्षीला भाव आहे. माझ्या मते मोल या तीन ओळींचं.

हे कागद निकामी कसे झाले? 1974 मध्ये देशभरातल्या 103 आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. 1982 च्या संपानंतर, 1983 मध्ये, मुंबईतल्या आणखी 13 गिरण्यांचा कारभार सरकारने घेतला. बाकी काही आपणहून बुडाल्या. सत्तरच्या दशकात युरोपात झारकालीन रशियाच्या रोख्यांसारखे बुडीत कागद जमवण्याच्या या छंदाला नाव मिळालं: स्क्रिपोफिली. आपल्याकडे 1996 मध्ये डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी शेअरची संगणकीय नोंद, आलं आणि 1 एप्रिल 2019 पासून शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांच्या कागदी शेअरचं विक्री-हस्तांतरच थांबलं. छापील दाखला जुन्या काळाची वस्तू झाला.

पण सगळेच कागद मेलेले नसतात. 1925 मध्ये ठाण्यातच सुरू झालेली आणि 1944 मध्ये सिंघानियांकडे गेलेली लोकरीची गिरणी, म्हणजे रेमंड, आजही बाजारात आहे. अशा चालू कंपनीचा दाखला सापडला तर तो वारसांचा पैसा आहे. सात वर्षं लाभांश उचललेला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात, पण तिथून ते परत मागता येतात. म्हणून ट्रंकेतला कागद फ्रेम करण्याआधी, आणि लॅमिनेट तर मुळीच न करता, कंपनीच्या शेअर रजिस्ट्रारला, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, दाखल्यावरचा फोलिओ (खाते) क्रमांक कळवून विचारावं.